सावलीतली अरेबिका: उंचावरच्या छोट्या मळ्याचं गणित

कॉफीची ६ किलो पिकलेली फळं तोडली, की शेवटी हातात जेमतेम १ किलो कच्ची बी उरते. बाकी सगळं साल, गर, चिकट थर, टरफल आणि पाणी. आता डोंगरउतारावरचा २ हेक्टरांचा मळा धरा. दोन-दोन मीटरवर लावली तर त्यात ५,००० झाडं बसतात. झाडामागे २ किलो फळ म्हटलं तर १० टन फळ, म्हणजे १,६०० ते १,७०० किलो बी. सपाट जमिनीवरच्या अवाढव्य मळ्यात एखादं तोडणीयंत्र एवढा माल एका दिवसात उतरवू शकतं. वजनाच्या शर्यतीत छोट्या मळ्याचा निभाव लागणं शक्य नाही. त्याने विकायची ती चव.

चव ज्या गोष्टींनी सुधारते, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी जमीन, पाणी आणि झाडाचं आयुष्यही राखतात, हे छोट्या मळ्याचं नशीब. बऱ्याच, पण सगळ्या नाहीत. हे दोन रस्ते जिथे फुटतात तिथे शेतकऱ्याला एक बाजू धरावी लागते आणि तिची किंमतही मोजावी लागते. पाकिटावरच्या हिरव्यागार चित्रांत हा भाग सहसा नसतो.

चवीवर विकल्या जाणाऱ्या कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणतात. आधी ते म्हणजे काय ते पाहू. हे नाव १९७४ मध्ये एर्ना क्नुटसेन या अमेरिकेतल्या कॉफी खरेदीदार बाईंनी एका व्यापारी मासिकात वापरलं आणि ते रूढ झालं. आज त्याची ढोबळ व्याख्या अशी: प्रशिक्षित परीक्षकांनी चाखल्यावर १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी कॉफी. रूढ पद्धतीत ३५० ग्रॅम कच्च्या बियांचा नमुना पांढऱ्याफटक उजेडात पसरून दोष मोजतात. पूर्ण काळी पडलेली किंवा आंबलेली एक बी सापडली तरी नमुना बाद होतो. मग हलकी भाजलेली कॉफी दळायची, १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम या प्रमाणात एकाच नमुन्याचे ५ कप मांडायचे आणि चमच्याने जोरात सुर्रकन ओढून चाखायचं. पाच कप कशासाठी? एका कपात लपलेली खोट दुसऱ्यात नसेल, तर माल एकसारखा नाही हे तिथेच कळतं. छोट्या शेतकऱ्याचे गुण जातात ते बहुधा या एकसारखेपणात. चव उत्तम असते, पण पाचातला एक कप आंबूस निघतो.

पाकिटावर समुद्रसपाटीपासूनची उंची मोठ्या अक्षरांत छापलेली असते. खरं काम उंची करत नाही, थंडावा करतो. दर १०० मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशाने गार होते. अरेबिका या कॉफीच्या प्रजातीला वर्षभराचं सरासरी तापमान १८ ते २१-२२ अंश सेल्सिअस मानवतं. विषुववृत्ताजवळ ते १,२०० ते २,००० मीटरवर मिळतं. हवाई बेटांवर, विषुववृत्तापासून दूर, कोनाची नावाजलेली कॉफी त्यापेक्षा कितीतरी खाली, १,००० मीटरच्याही आत पिकते. गारव्यात फळ हळूहळू पिकतं. फुलापासून तोडणीपर्यंत ६ ते ९ महिने लागतात, आणि त्या सावकाशीत बी घट्ट भरते, साखर आणि आम्लं नीट तयार होतात. कपात जो फळांसारखा आंबटगोडपणा लागतो तो इथला. मात्र गारवा हवा म्हणून फार वर गेलं तर हिमतुषार झाड जाळून टाकतो. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यातल्या कॉफीचं असंच एका रात्रीत वाटोळं झालं.

मळ्याची उंची हातात नसते. सावली असते. माझ्या मते छोट्या मळ्याचा सगळ्यात मोठा निर्णय हाच.

अरेबिका मूळची नैर्ऋत्य इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. तिच्या पानांना भर उन्हाची गरज नाही, ठरावीक उजेडापुढे त्यांचा अन्न बनवण्याचा वेग वाढतच नाही. तरी उघड्यावर लावली तर ती भरपूर कळ्या धरते आणि तिथूनच दुखणं सुरू होतं. कॉफीच्या झाडाला नको असलेली फळं गाळून टाकणं फारसं जमत नाही. जेवढं धरलं तेवढं पोसायला ते पानांमधलं, फांद्यांमधलं, मुळांमधलं सगळं उपसतं. फांद्या टोकाकडून वाळत येतात आणि पुढच्या वर्षी झाड जवळजवळ रिकामं राहतं. हे चक्र थोपवायला उघड्यावरच्या मळ्याला खताचा मारा करावा लागतो. सावलीत मुळात कळ्याच बेताच्या धरतात. पीक थोडं कमी येतं, पण दरवर्षी येतं. दुपारचं तापमान काही अंशांनी उतरतं, म्हणजे थोडं वर चढल्याचा फायदा जागच्या जागी मिळतो. पालापाचोळा जमीन झाकतो. पांगारा, गिरिपुष्प किंवा लॅटिन अमेरिकेतला इंगा यांसारखी शेंगवर्गीय झाडं हवेतलं नत्र जमिनीत आणतात. पक्षी येतात आणि किडे टिपतात.

मग सावली दाट करत जावी का? नाही. गर्द सावलीत पानं दिवसभर ओली राहतात, बुरशी मातते, फुलं कमी होतात. साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत ऊन अडेल इतपत सावली बहुतेक ठिकाणी पुरते. ढगाळ, धुक्याच्या उतारावर त्याहून कमी. मोजायला यंत्र लागत नाही. भर दुपारी झाडांमध्ये उभं राहून जमिनीकडे बघायचं. कवडसे सगळीकडे विखुरलेले आणि हलते दिसले तर ठीक. जमीन सलग काळोखी दिसली तर पावसाआधी वरच्या फांद्या उतरवायच्या, सलग पांढरी दिसली तर रोपं लावायची. आणि सावलीला एकाच जातीची झाडं लावू नयेत. एका रोगात सगळं छप्पर उडालेलं परवडत नाही.

फुलोऱ्याचं तंत्र पावसावर चालतं. कळ्या तयार होऊन काही आठवडे कोरड्यात झोपून राहतात. एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो, मोगऱ्याच्या जातीचा वास सुटतो आणि दोन-तीन दिवसांत फुलं मावळतात. ही सर एकदाच आणि भरघोस आली तर फळंही एकत्र पिकतात. तुकड्यातुकड्यांनी आली तर बहर तीन-चार हप्त्यांत येतो, आणि मग एकाच फांदीवर हिरवं, पिवळट, लाल आणि वाळकं फळ शेजारी शेजारी बसतं. बदलत्या हवामानाचा फटका छोट्या मळ्याला सगळ्यात आधी इथे जाणवतो. पीक बुडत नाही, पण तोडणीच्या फेऱ्या वाढतात आणि मजुरीत नफा विरघळतो.

छाटणीबद्दल एवढंच, की कॉफीला फळ लागतं ते आदल्या वर्षी वाढलेल्या लाकडावर. दर हंगामानंतर थकलेल्या फांद्या आणि खोडातून सरळ वर धावणारे पाणसोट काढले नाहीत तर फळ शेंड्याकडे सरकत जातं आणि झाडाचं पोट रिकामं राहतं. म्हातारी झाडं गुडघ्याच्या आत कापून नव्या फुटव्यावर आणता येतात. सगळा मळा एकदम न कापता दरवर्षी एक पट्टा घ्यावा, म्हणजे उत्पन्न थांबत नाही.

आता तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग. पानाच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते, बोट फिरवलं तर बोटाला लागते. १८६९ मध्ये हा रोग सिलोनमध्ये दिसला आणि दोन-तीन दशकांत तिथली कॉफी जाऊन चहा आला. १९७० मध्ये तो ब्राझीलला पोहोचला. २०१२ च्या सुमारास मध्य अमेरिकेत तो इतका पसरला की लाखो मजुरांचा हंगामी रोजगार गेला. अरेबिका इतकी सहज बळी पडते, कारण तिचं कूळच फार चिंचोळं आहे. रोबस्टा आणि युजिनॉइडिस या कॉफीच्याच दोन प्रजातींच्या अपघाती संकरातून ती जन्मली. गुणसूत्रं ४४, इतर कॉफींच्या दुप्पट. परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं. त्यात येमेनमधून जगभर जी रोपं गेली ती मूठभरच. टिपिका आणि बुर्बों या दोन जुन्या घराण्यांतच जगातली बहुतेक अरेबिका बसते.

सुटका मिळाली तिमोर बेटावर. तिथे १९२० च्या दशकात अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप झालेला संकर सापडला, आणि तो तांबेऱ्याला दाद देत नव्हता. त्यापासून कॅतिमोर आणि तिची भावंडं तयार झाली. इथेच रस्ता फुटतो. या जाती फवारणी वाचवतात, पण कपातल्या नाजूकपणाबाबत त्यांचं नाव तितकं चांगलं नाही. उलट गेशा ही मूळची इथिओपियातली जात. २००४ मध्ये पनामाच्या स्पर्धेत तिने सगळ्यांना चकित केलं आणि किमतीचे विक्रम मोडले. पण ती नखरेल आहे, पीक कमी देते, आणि चुकीच्या उंचीवर लावली तर तिची जादू उतरते. शिवाय प्रतिकार कायमचा नसतो. होंडुरासमधली लेम्पिरा ही जात प्रतिकारक म्हणून सर्वत्र लावली गेली, आणि काही वर्षांत बुरशीने तिलाही गाठलं. नव्याने आलेल्या पहिल्या पिढीच्या संकरित जाती चव आणि प्रतिकार दोन्ही देतात, पण त्यांच्या बिया धरून ठेवता येत नाहीत. पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, दर वेळी रोपं विकतच घ्यावी लागतात.

माझं मत विचाराल तर छोट्या मळ्याने निम्म्याहून जास्त जमीन प्रतिकारक जातीला द्यावी. तिची चव ‘वाईट’ म्हणवली जाते त्यात तोडणी आणि वाळवणीतल्या हयगयीचाही वाटा असतो. नाजूक जात वरच्या, वाऱ्याच्या तुकड्यात वेगळी लावावी, वेगळी तोडावी, वेगळ्या नावाने विकावी. पाच जाती एकाच वाफ्यात मिसळल्या तर पुढे कोणता कप कोणाचा, हे कळायचं साधनच राहत नाही.

फवारायची वेळ आलीच तर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हा जुना उपाय, सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालणारा. बुरशीचे बीजाणू पानावर पाण्याचा थेंब असेल तरच रुजतात, म्हणून फवारा पावसाच्या तोंडावर, पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. मात्र त्यातलं तांबं जमिनीतून जात नाही. वर्षानुवर्षं साठत राहतं आणि गांडुळांना, सूक्ष्म जीवांना बाधतं. ‘सेंद्रिय’ म्हटलं की निर्धास्त, असं नाही.

किडींत दोघांचा धाक. फळ पोखरणारा भुंगेरा जेमतेम दीड मिलिमीटरचा. मादी फळाच्या बेंबीतून सुईच्या टोकाएवढं भोक पाडून थेट बीत शिरते आणि आत अंडी घालते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून उपाय झाडूनपुसून तोडणीचा: हंगाम संपताना झाडावर आणि जमिनीवर एकही वाळकं फळ उरू द्यायचं नाही, कारण पुढच्या पिकापर्यंत तिचं घर तेच असतं. जोडीला ब्युव्हेरिया ही मित्रबुरशी आणि मद्यार्काचे सापळे. दुसरा आशियातला पांढरा खोडकिडा. तो उन्हातलं खोड पसंत करतो आणि आतून पोखरून झाडच मारतो. सावलीची आणखी एक बाजू ही.

जमीन खोल, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी हवी. सामू साधारण ५.५ ते ६.५. युरियासारखी खतं तो वर्षागणिक खाली ओढतात, तेव्हा माती तपासून चुना द्यावा. उतारावर ओळी समपातळीत, मध्ये चर, आणि तण मुळासकट खरवडण्याऐवजी कापून तिथेच अंथरायचं. रोपवाटिकेत एकच गोष्ट बारकाईने बघावी: पिशवीत सोटमूळ वाकलेलं रोप टाकून द्यावं. ते वर कितीही टवटवीत दिसलं तरी चार-पाच वर्षांनी पहिल्या ताणात मान टाकतं.

एवढं करून आलेली चव एका आठवड्यात घालवता येते. तोडणीपासून पुढे चव वाढत नाही, फक्त टिकते किंवा जाते.

पिकलेलं फळ बोटांत दाबलं की साल फाटून दोन बिया बुळबुळीत थरासकट सटकन बाहेर येतात, आणि चाखलं तर गोड लागतं. अर्धवट पिकलेलं जोर लावून दाबावं लागतं, त्याची साल बीला धरून बसते. कच्च्या फळाची बी भाजल्यावर फिकी राहते आणि कपात शेंगदाण्याच्या टरफलाची चव आणते. म्हणून एकाच झाडावर तीन ते पाच, कधी जास्त फेऱ्या. आता मजुरीचा प्रश्न. नुसत्या वजनावर पैसे दिले तर तोडणाऱ्याने हिरवी फळं का सोडावीत? तो आपलं पोट बघणार, आणि त्यात गैर काही नाही. रोजावर किंवा पिकलेल्या फळाला वाढीव दर लावून तोडणी केली तरच टोपली लाल येते. हा खर्च चुकत नाही, आणि मळ्याच्या हिशेबातला बहुधा सगळ्यात मोठा आकडा हाच असतो. मजुराला कमी देऊन वाचवलेल्या पैशावर उभी असलेली कॉफी ‘टिकाऊ’ म्हणणं मला तरी पटत नाही.

फळं त्याच दिवशी पाण्यात टाकतात. तरंगतात ती पोकळ किंवा किडकी, ती बाजूला काढायची. मग तीन वाटा. धुतलेली कॉफी: साल काढायची, बिया टाकीत ठेवून चिकट थर आंबवून सोडवायचा, धुवायचं. नैसर्गिक: अख्खं फळ तसंच वाळवायचं. मधली, जिला हनी म्हणतात: साल काढायची, चिकट थर ठेवायचा. आंबवायला गारव्यानुसार १२ ते ३६ तास लागतात, घड्याळावर विसंबता येत नाही. टाकीत हात घालून मूठभर बिया चोळायच्या. बुळबुळ असेल तर वेळ आहे. ओल्या खड्यांसारखी करकर ऐकू आली की तत्काळ धुवायचं. तासाभराच्या आळसाने व्हिनेगरचा वास धरतो, आणि तो मग कुठल्याच भाजणीने जात नाही.

रस्ता पुन्हा फुटतो तो पाण्यावरून. धुतलेली कॉफी सगळ्यात स्वच्छ चवीची, पण जुन्या पद्धतीत १ किलो फळामागे पाणी १५-२० लिटरपर्यंत जाऊ शकतं. ते सांडपाणी साखरेने भरलेलं आणि आम्लधर्मी असतं. ओढ्यात सोडलं तर ती साखर खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. कोलंबियातल्या सेनिकाफे या संशोधन केंद्राने चिकट थर यंत्रानेच घासून काढणारी बेकोलसब ही पद्धत बसवली, तिने पाणी लिटरभराच्या आत आणलं. छोट्या मळ्याला असं यंत्र दोन-चार शेजाऱ्यांत मिळून परवडतं. ते नसेल तर तेच पाणी पुन्हा वापरावं, शेवटचं पाणी चुना घालून शोषखड्ड्यात जिरवावं. नैसर्गिक पद्धतीला पाणी जवळजवळ लागत नाही, पण दमट हवेत अख्ख्या फळावर बुरशी चढते. तोडणीच्या दिवसांत आभाळ कोरडं असेल तरच तिच्या वाटेला जावं. सालीत पालाश भरपूर असतं. ती कुजवून झाडांच्या बुंध्याशी परत दिली तर खताची एक गोणी वाचते, न दिली तर मळ्यातून दरवर्षी ते पालाश उचलून नेल्यासारखंच.

वाळवणीत घाई नको. धुतलेल्या बीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, ते १० ते १२ टक्क्यांवर आणायचं. जाळीच्या उंच मांडवावर पातळ थर, दिवसातून अनेकदा हलवणं, भर दुपारी आणि रात्री झाकणं. धुतलेल्याला दीड-दोन आठवडे, अख्ख्या फळाला तीन-चार. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळवली तर टरफल तडकतं, बी वरून कोरडी आणि आतून ओली राहते, आणि काही महिन्यांतच कपाला जुन्या कागदाचा वास येतो. वाळलेली बी टरफलासकट, हवाबंद पिशवीत, महिना-दोन महिने मुरू द्यावी.

विक्रीला आलो. साध्या अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो, पौंडाला इतके अमेरिकी सेंट असा. ब्राझीलमध्ये हिमतुषार पडला की तो उसळतो, पीक भरपूर आलं की कोसळतो. २००१ मध्ये तो ५० सेंटच्याही खाली गेला होता, खर्चही निघत नव्हता. स्पेशालिटीचा भाव खरेदीदाराशी बोलून ठरतो, त्यामुळे या हेलकाव्यांचा मार थोडा कमी बसतो. प्रमाणपत्रांत सेंद्रियसाठी साधारण ३ वर्षं संक्रमणात जातात, त्या काळात पीक घटतं आणि वाढीव भाव मिळत नाही. दोन-तीन हेक्टरवाल्याने हे एकट्याने अंगावर घेऊ नये, गटाने घ्यावं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही, आणि जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. मोबाइलवर ते काढून ठेवायला पाच मिनिटं लागतात, आत्ताच काढावेत.

नव्याने या धंद्यात उतरणारा एक हिशेब हमखास चुकवतो: सगळं पीक ८० गुणांच्या वर जाईल असं धरतो. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतली फळं, तरंगलेली, वेचून काढलेली, पावसात सापडलेली, हे सगळं बाजारभावानेच जातं. मळ्याचा वर्षाचा खर्च या साध्या मालाच्या आणि सावलीतल्या मिरी-फळांच्या पैशातून बराचसा निघत असेल, तर वरच्या दर्जाच्या पोत्यांसाठी खरेदीदाराशी शांतपणे घासाघीस करता येते. प्रत्येक पोत्याचा अर्धा किलो नमुना तुकडा, जात आणि तोडणीची तारीख लिहून वेगळा ठेवावा, कारण एखादा कप आंबूस निघाल्याची तक्रार आली की चूक कोणत्या टाकीत झाली ते त्यावरूनच शोधता येतं.